पॅलेसचा निरोप: धडधाकट क्रीडागृह का पाडले जाते?

१० एप्रिल २०१७ रोजी, सोमवारी संध्याकाळी, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ऑबर्न हिल्स या उपनगरात डेट्रॉईट पिस्टन्स हा बास्केटबॉल संघ आपल्या घरच्या अरीनात, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात, शेवटचा सामना खेळला आणि वॉशिंग्टन विझर्ड्सकडून १०५-१०१ असा हरला. पिस्टन्स बाद फेरीच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडलेले असल्यामुळे या निकालाला तसे काही मोल नव्हते. लोक आले होते ते इमारतीसाठी. मध्यंतरात जुन्या विजेत्या संघांतील खेळाडूंना मैदानावर बोलावून त्यांचा गौरव झाला, निवेदकाची ती ओळखीची ‘डीऽऽट्रॉईट बास्केटबॉल’ अशी आरोळी शेवटची घुमली आणि ‘द पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्स’ या वास्तूशी पिस्टन्सचे २९ हंगामांचे नाते संपले.

निरोप समजण्याजोगा असतो तो जीर्ण वास्तूचा. छप्पर गळू लागते, खुर्च्या मोडतात, दुरुस्तीचा खर्च डोईजड होतो आणि मग नवे बांधणे भाग पडते. पॅलेसच्या बाबतीत यांपैकी काहीही घडले नव्हते. इमारत भक्कम होती, प्रेक्षकांना खेळ उत्तम दिसत होता, वाहनतळ ऐसपैस होते, थोड्याच वर्षांपूर्वी तिच्या नूतनीकरणावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले होते आणि मुख्य म्हणजे ती संघाच्या मालकाच्याच मालकीची होती. तरीही संघ तिथून उठला आणि तीन वर्षांनी ती इमारत पाडली गेली. हे का झाले, ते समजून घ्यायचे तर खेळ थोडा बाजूला ठेवून जमीन, कर, महामार्ग आणि श्रीमंत प्रेक्षकांच्या खुर्च्या यांचा हिशेब मांडावा लागतो.

पिस्टन्स मुळात डेट्रॉईटचे नव्हेत. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी फ्रेड झोलनर या उद्योजकाने हा संघ उभा केला. त्यांचा कारखाना इंजिनांचे पिस्टन बनवत असे, म्हणून संघाचे नाव पिस्टन्स. १९५७ मध्ये संघ डेट्रॉईटला आला, आणि मोटारींच्या शहरात हे नाव इतके चपखल बसले की ते बाहेरून आले आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. शहरात संघ आधी ऑलिम्पिया आणि मग कोबो या क्रीडागृहांत खेळला. १९७४ मध्ये काचेच्या व्यवसायातील उद्योगपती विल्यम डेव्हिडसन यांनी संघ विकत घेतला आणि १९७८ मध्ये त्यांनी तो शहराबाहेर, पॉन्टिअॅक येथील सिल्व्हरडोम या अमेरिकन फुटबॉलच्या प्रचंड स्टेडियममध्ये हलवला. २०१७ मध्ये संघ डेट्रॉईट शहरात परतला, तोवर मध्ये ३९ वर्षे गेली होती. या सगळ्या काळात त्याच्या नावात ‘डेट्रॉईट’ होते आणि पत्त्यात नव्हते.

आपल्याकडच्या काही वाचकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. मोटार उद्योगात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे ‘आम्ही डेट्रॉईटला असतो’ असे सांगतात, तेव्हा त्यांचे घर बहुधा ट्रॉय, नोव्हाय किंवा फार्मिंग्टन हिल्समध्ये असते. या परिसरात डेट्रॉईट या एका नावाखाली दोन वेगळी जगे नांदतात, आणि पॅलेसची कथा त्या दोन जगांमधल्या अंतराची आहे.

हे अंतर पडले कसे? १९५० मध्ये डेट्रॉईट शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०१० च्या जनगणनेत ती ७ लाख १३ हजारांवर आली होती. महामार्ग झाले, कारखाने विखुरले, बाहेर स्वस्त जमिनीवर नवी घरे उभी राहिली, आणि गोऱ्या मध्यमवर्गाने मोठ्या संख्येने शहर सोडले. १९६७ च्या उन्हाळ्यातील हिंसाचारानंतर हा ओघ आणखी वाढला. शहराची उत्तर सीमा असलेला ‘एट माइल रोड’ हा रस्ता नकाशावरच्या रेषेपेक्षा मोठा होऊन बसला: त्याच्या एका बाजूला प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि दिवसेंदिवस गरीब होत जाणारे शहर, दुसऱ्या बाजूला प्रामुख्याने गोरी आणि श्रीमंत होत जाणारी ओकलंड काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. पॉन्टिअॅक आणि ऑबर्न हिल्स दोन्ही याच काउंटीत येतात. ज्या प्रेक्षकाच्या खिशात हंगामी तिकिटाचे पैसे होते तो उत्तरेकडे राहायला गेला होता आणि संघ त्याच्या मागोमाग गेला. यात डेव्हिडसन यांनी काही जगावेगळे केले असे नाही. डेट्रॉईट लायन्स हा फुटबॉल संघ त्यांच्याही तीन वर्षे आधी सिल्व्हरडोममध्ये गेला होता.

सिल्व्हरडोम मात्र बास्केटबॉलसाठी गैरसोयीचाच होता. फुटबॉलच्या अवाढव्य मैदानाच्या एका कोपऱ्यात बास्केटबॉलचे छोटे मैदान मांडायचे आणि बाकीचा भाग पडद्याआड ठेवायचा, असा तो कारभार. एकदा बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध, २९ जानेवारी १९८८ रोजी, तिथे ६१,९८३ प्रेक्षकांची विक्रमी गर्दी झाली. पण त्यांतील कितीजणांना चेंडू नीट दिसला असेल, हा प्रश्नच आहे. छप्पर हवेच्या दाबावर फुगवलेल्या कापडाचे होते. मार्च १९८५ मध्ये बर्फाच्या भाराने ते फाटून खाली आले आणि संघाला उरलेल्या हंगामापुरता शहरातल्या जो लुईस अरीनाचा आसरा घ्यावा लागला. तेव्हा शहरातच कायमचे परतावे असे काही डेव्हिडसन यांच्या मनाने घेतले नाही. त्यांनी आणखी उत्तरेला, शहराच्या मध्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, ७५ क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गालगत जमीन घेतली आणि सरकारचा एक पैसाही न घेता दहा कोटी डॉलरच्या आत नवे क्रीडागृह उभे केले. १३ ऑगस्ट १९८८ रोजी गायक स्टिंग यांच्या मैफलीने ते खुले झाले.

पॅलेसने अमेरिकेतील क्रीडागृहांचे अर्थशास्त्र बदलले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जुन्या क्रीडागृहांत कंपन्यांसाठी आणि धनिकांसाठी असलेले खासगी कक्ष छपराजवळ, अगदी वर असत, म्हणजे जो सर्वाधिक पैसे मोजतो तो खेळापासून सर्वांत दूर. पॅलेसच्या रचनाकारांनी हे कक्ष खाली, मैदानाजवळ आणले, आणि तेही थोडेथोडके नव्हे तर १८०. त्या काळी हा आकडा वेडेपणाचा वाटला. पण कक्ष भाड्याने गेले, वर्षानुवर्षांच्या करारांनी गेले. सामान्य तिकिटाचे उत्पन्न संघ जिंकतो की हरतो यावर हेलकावे खाते. कक्षाचे भाडे आधी ठरलेले असते, त्यामुळे बांधकामाचा खर्च त्याच्या भरवशावर फेडता येतो. ही युक्ती पाहून पुढच्या दशकात देशभर नवी क्रीडागृहे याच नमुन्यावर बांधली गेली. पॅलेस पाडले जाण्यामागे पुढे हेच गणित उलटले, म्हणून ते इथे ध्यानात ठेवायला हवे.

क्रीडागृहाचे नाव विकण्याचा मोह मात्र मालकांनी शेवटपर्यंत टाळला. त्या काळात एकामागून एक क्रीडागृह बँकेचे, विमान कंपनीचे किंवा शीतपेयाचे नाव मिरवू लागले, तरी पॅलेस पॅलेसच राहिले. पत्त्यातही गंमत होती. ज्या रस्त्यावर ते होते त्याचे नाव ‘चॅम्पियनशिप ड्राइव्ह’, आणि घरक्रमांक विजेतेपदांबरोबर वाढत जाई. शेवटी तो सहावर थांबला: तीन विजेतेपदे पिस्टन्सची आणि तीन, २००३, २००६ व २००८ सालची, डेट्रॉईट शॉक या महिला संघाची.

पिस्टन्सच्या चाहत्यांच्या लेखी या वास्तूचे दोन सुवर्णकाळ होते. पहिला ‘बॅड बॉइज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संघाचा. प्रशिक्षक चक डेली यांच्या हाताखाली आयझाया थॉमस, जो ड्युमार्स, बिल लॅम्बिअर, डेनिस रॉडमन हे खेळाडू अंगाला अंग भिडवून, प्रसंगी धसमुसळेपणाने खेळत, आणि पॅलेसच्या पहिल्याच दोन हंगामांत, १९८९ आणि १९९० मध्ये, त्यांनी विजेतेपद मिळवले. दोन्ही वेळा निर्णायक सामना परगावी झाला, त्यामुळे आपल्या डोळ्यांदेखत करंडक उंचावलेला पाहण्यासाठी ऑबर्न हिल्सच्या प्रेक्षकांना १५ जून २००४ पर्यंत थांबावे लागले. त्या रात्री चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, रशीद वॉलेस आणि बेन वॉलेस या पाचजणांच्या संघाने तारांकित लॉस एंजेलिस लेकर्सना १००-८७ असे हरवून मालिका ४-१ ने खिशात घातली. पॅलेसमध्ये पिस्टन्सने जिंकलेले विजेतेपद हे एकच. त्या दिवसांत तिकिटे मिळत नसत. २२,०७६ आसनांचे क्रीडागृह वर्षानुवर्षे सलग भरत होते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पॅलेसचे नाव वेगळ्याच कारणाने जगभर गेले. १९ नोव्हेंबर २००४ च्या रात्री इंडियाना पेसर्सविरुद्धच्या सामन्यात शेवटची ४५.९ सेकंद उरली असताना खेळाडूंत जुंपली. ती शांत होत आलेली असताना प्रेक्षकांतून आलेला पेयाचा पेला पेसर्सच्या रॉन आर्टेस्टवर आदळला, तो थेट प्रेक्षकांत घुसला आणि काही मिनिटे खेळाडू व प्रेक्षक यांच्यात हाणामारी झाली. नऊ खेळाडूंवर बंदी आली. आर्टेस्टला उरलेला सगळा हंगाम, ८६ सामने, गमवावा लागला. निरोपाच्या वेळी अनेकांनी हा प्रसंग टाळून बोलणे पसंत केले असेल. पण जी वास्तू आवडते तिचा हाही डाग आपलाच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मार्च २००९ मध्ये डेव्हिडसन यांचे निधन झाले. त्याच वर्षी शॉक हा महिला संघ तल्सा शहरात हलवला गेला, पिस्टन्सची घसरण सुरू झाली आणि पुढे सलग सहा हंगाम संघ बाद फेरीत पोहोचला नाही. २०११ मध्ये डेव्हिडसन कुटुंबाने संघ आणि पॅलेस टॉम गोर्स या गुंतवणूकदाराला विकले. गोर्स वाढले ते फ्लिंट शहराच्या परिसरात, म्हणजे ऑबर्न हिल्सच्याही उत्तरेला. संघाला दक्षिणेकडे शहरात नेणारा मालक उत्तरेकडचा निघावा, हा योगायोगच. त्यांनी आधी पॅलेसवर खर्च केला, दुरुस्त्या केल्या. मग २२ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यांनी घोषणा केली की पुढच्या हंगामापासून पिस्टन्स डेट्रॉईटच्या मध्यवर्ती भागात उभ्या राहत असलेल्या लिटल सीझर्स अरीनात खेळतील.

पहिले कारण दिनदर्शिकेत आहे. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या नियमित हंगामात एका संघाचे घरचे सामने ४१ असतात. सराव सामने आणि बाद फेरी धरली तरी वर्षातल्या ३६५ रात्रींपैकी फार तर पन्नासेक रात्री संघ क्रीडागृह वापरतो. उरलेल्या तीनशेहून अधिक रात्री मैफली, सर्कस, बर्फावरचे खेळ अशा कार्यक्रमांनी भराव्या लागतात. वीज, देखभाल, विमा आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र रिकाम्या रात्रीही चुकत नाहीत. शॉक संघ गेल्यावर पॅलेसमध्ये कायमचा भाडेकरू एकच उरला. तिकडे शहरात डेट्रॉईट रेड विंग्ज हा आइस हॉकी संघ नवे क्रीडागृह बांधत होता. त्यांचेही घरचे सामने ४१. दोन संघ एका छपराखाली आले तर खर्च विभागला जातो. आणि नवे क्रीडागृह पिस्टन्सविना उभे राहिले असते, तर त्याच एका महानगरात दोन मोठी क्रीडागृहे त्याच गायकांच्या त्याच दौऱ्यांसाठी एकमेकांचे भाव पाडत बसली असती. घोषणेनंतर दोन्ही मालकांनी मैफलींसाठी एकत्र कंपनी काढली, तिचे नाव ‘३१३ प्रेझेंट्स’. ३१३ हा डेट्रॉईट शहराचा दूरध्वनी क्रमांक-उपसर्ग आहे. ऑबर्न हिल्सचा २४८. एवढ्याशा आकड्यात उपनगरातल्या चाहत्याला काय ते समजले असणार.

दुसरे कारण खासगी कक्षांचे. १९८८ मध्ये असा कक्ष घेणारी कंपनी उपनगरात होती, तिचे अधिकारी उपनगरात राहत होते, आणि पुढे तर क्रायस्लरसारख्या मोटार कंपनीचे मुख्यालयही ऑबर्न हिल्समध्ये आले. २०१० नंतर वारे फिरले. मोठ्या कंपन्या हजारो कर्मचारी घेऊन शहराच्या मध्यभागी परतू लागल्या. तरुण नोकरदारांना सामन्याआधी चालत जाऊन जेवता येईल, नंतर कुठेतरी बसता येईल, अशी जागा हवी होती. पॅलेसभोवती वाहनतळ होते आणि वाहनतळापलीकडे महामार्ग. प्रेक्षक गाडी लावायचा, सामना बघायचा, गाडी काढायचा. या सोयीवरच क्रीडागृह उभे राहिले होते, आणि तीच आता उणीव ठरली. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉईट शहराने दिवाळखोरी जाहीर केली होती, तरी मध्यवर्ती भागातील जमिनीचे भाव वर जात होते, हे या काळाचे वैशिष्ट्य. शहर बुडत होते आणि त्याचा मधला तुकडा तरंगत होता.

तिसरे कारण सार्वजनिक पैशाचे, आणि इथेच सामान्य वाचकाची सर्वाधिक दिशाभूल होते. पॅलेस पूर्णपणे खासगी पैशातून बांधले होते. लिटल सीझर्स अरीनाचा खर्च अखेर सुमारे ८६ कोटी ३० लाख डॉलरवर गेला आणि त्यातील सुमारे ३२ कोटी डॉलर सार्वजनिक स्रोतांतून आले. हा पैसा सरकारी तिजोरीतून उचलून दिलेला दिसत नाही. तो वाढीव कराच्या वाटेने येतो. ती पद्धत अशी: समजा, शहराच्या एका भागातून मालमत्ता कराचे दरवर्षी १०० रुपये जमा होतात. तिथे विकास झाला, जमिनींच्या किमती वाढल्या आणि कर १५० रुपये झाला. पहिले १०० रुपये नेहमीप्रमाणे शाळा, पोलिस, ग्रंथालये यांच्याकडे जातात. वरचे ५० रुपये मात्र विकास प्राधिकरण स्वतःकडे ठेवते आणि त्यातून बांधकामासाठी काढलेले रोखे फेडते. समर्थक म्हणतात की विकासच झाला नसता तर ते ५० रुपये आलेच नसते. टीकाकार विचारतात की क्रीडागृह नसते तर तिथे दुसरे काहीच उभे राहिले नसते, हे कशावरून?

मिशिगनमध्ये या ५० रुपयांत शाळांच्या कराचाही भाग होता. पिस्टन्सच्या स्थलांतरासाठी क्रीडागृहात फेरफार करायला आणखी साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास सार्वजनिक निधी मंजूर झाला, तेव्हा त्यावर न्यायालयात दावेही झाले. शाळांची तूट राज्य भरून देते, असे त्यावर उत्तर होते. ते खरे मानले तर भार राज्यभरच्या करदात्यांवर पडतो, आणि त्या करदात्यांत ऑबर्न हिल्सचा रहिवासीही येतो. म्हणजे ज्याच्या गावातून संघ गेला, त्याच्या खिशातला काही अंश संघाच्या नव्या घराला लागला. क्रीडागृहांवर खर्च झालेला सार्वजनिक पैसा त्या प्रमाणात शहराला परत मिळत नाही, याबाबत अर्थतज्ज्ञांत सहसा न दिसणारे एकमत आहे. कुटुंबाचा करमणुकीवरचा खर्च ठरलेला असतो. तो ऑबर्न हिल्समध्ये होण्याऐवजी डेट्रॉईटमध्ये झाला, तर डेट्रॉईटच्या हॉटेलवाल्याचे भले होते, पण महानगराच्या एकूण उत्पन्नात भर पडते ती नाममात्र. नव्या अरीनाभोवती घरे, दुकाने आणि कार्यालये यांची वस्ती उभी राहील असे आश्वासन होते. त्यातला बराच भाग पुढे वर्षानुवर्षे वाहनतळच राहिला.

नावाबद्दल सांगायचे तर, लिटल सीझर्स ही पिझ्झा विकणारी कंपनी आहे, आणि रेड विंग्जचे मालक असलेले इलिच कुटुंब तिचेही मालक. पॅलेसमधून पिझ्झ्याच्या नावाखाली जाणे काही जुन्या चाहत्यांना खुपले, ते साहजिक होते.

या निरोपात चाहते एका बाजूचे नव्हते, आणि ही गोष्ट फार थोडे लोक नीट मांडतात. ज्यांचे घर फ्लिंट किंवा सॅगिनॉच्या बाजूला होते, त्यांच्यासाठी त्याच ७५ क्रमांकाच्या महामार्गावर जायचे अंतर ५० किलोमीटरने वाढले; हिवाळ्यात, बर्फात, दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलांना घेऊन रात्री उशिरा घरी परतायचे म्हणजे हे अंतर केवळ आकडा राहत नाही. ज्या बापाने १९८९ मध्ये आपल्या मुलाला बॅड बॉइज दाखवले, तो मुलगा २००४ मध्ये आपल्या पैशाने तिकीट काढून त्याच जिन्याने वर गेला, आणि त्या कुटुंबाच्या लेखी ‘डेट्रॉईट’ म्हणजे ती वाहनतळाने वेढलेली इमारतच होती. याउलट, शहरात राहणाऱ्या आणि गाडी नसलेल्या चाहत्यासाठी पॅलेस जवळपास अप्राप्य होते. महानगराची प्रादेशिक सार्वजनिक वाहतूक उभारण्यासाठी कर लावावा का, यावर नोव्हेंबर २०१६ मध्येच मतदान झाले आणि तो प्रस्ताव फेटाळला गेला. स्थलांतराची घोषणा त्यानंतर दोन आठवड्यांनी झाली. ज्या शहराच्या नावाने संघ ३९ वर्षे ओळखला गेला, त्या शहरातल्या मुलाला तो पाहायला जाता येत नव्हते, हेही विसरून चालणार नाही. म्हणून ‘संघ घरी परतला’ या वाक्यातला आनंद खरा होता आणि ‘आमचे घर गेले’ या वाक्यातले दुःखही खरे होते. माझे स्वतःचे मत विचाराल तर संघ शहरात जाणे न्याय्य होते. ज्या पद्धतीने त्याचे पैसे उभे केले गेले, ते तितके न्याय्य वाटत नाही.

खेळ पाहण्याच्या दृष्टीने चाहत्यांची तक्रार भावनेपुरती नव्हती. आइस हॉकीचे मैदान सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. बास्केटबॉलचे जेमतेम २९ बाय १५. मोठ्या मैदानाभोवती रचलेल्या क्रीडागृहात लहान मैदान मांडले की खालच्या खुर्च्या पुढे सरकवता येतात, पण वरचे सज्जे जिथल्या तिथेच राहतात. पॅलेसमध्येही काही वर्षे हॉकी खेळली गेली; तरी ते मुळात बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले होते आणि वरच्या रांगेतूनही खेळ जवळ वाटे. नव्या अरीनातील पहिल्या हंगामात लाल खुर्च्या रिकाम्या राहिल्या की दूरचित्रवाणीवर त्या इतक्या डोळ्यांत भरत, की २०१८ मध्ये त्यांच्या जागी काळ्या खुर्च्या बसवल्या गेल्या. रिकामी काळी खुर्ची कॅमेऱ्याला दिसत नाही.

पॅलेस हा अपवाद नव्हता. त्या शेवटच्या सामन्यातला पाहुणा संघ, वॉशिंग्टन, स्वतः याच वाटेने गेला होता. लँडोव्हर या उपनगरातील कॅपिटल सेंटर सोडून तो १९९७ मध्ये शहराच्या मध्यात आला. ओहायो राज्यात क्लीव्हलंड आणि अॅक्रन यांच्यामध्ये, शेतांत, १९७४ साली रिचफील्ड कोलिझियम उभे राहिले. १९९४ मध्ये कॅव्हेलियर्स संघ क्लीव्हलंडला परतला, १९९९ मध्ये क्रीडागृह पाडले गेले आणि ती जमीन आज कायाहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे आता गवताळ कुरण आहे आणि लोक पक्षी पाहायला जातात. या सगळ्या कथांमध्ये हा शेवट मला सर्वांत बरा वाटतो.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहराचे. तिथले आर्को अरीना पॅलेसच्याच वर्षी, १९८८ मध्ये, शहराच्या काठावरच्या नाटोमस भागात शेतजमिनीवर उघडले. गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवणाऱ्या चाहत्यांमुळे ते देशातले सर्वांत गोंगाटाचे क्रीडागृह मानले जाई. २०१३ मध्ये तिथला किंग्ज संघ सिएटलला जायच्या बेतात होता, तेव्हा मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेऊन तिथेच ठेवला, पण अट होती ती शहराच्या मध्यभागी नव्या क्रीडागृहाची. ९ एप्रिल २०१६ रोजी जुन्या जागेचा निरोपाचा सामना सॅक्रामेंटो किंग्जने ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ११४-११२ असा जिंकला. पुढे ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी हाच संघ मुंबईत वरळीच्या क्रीडागृहात खेळला. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने. सॅक्रामेंटोच्या चाहत्यांचा निरोप डेट्रॉईटपेक्षा सोपा होता, कारण तिथे जुनी इमारत सोडली नसती तर संघच गेला असता. पिस्टन्स कुठेही पळून जात नव्हते, म्हणून ऑबर्न हिल्समध्ये ‘मग का?’ हा प्रश्न अधिक टोचला.

पॅलेसमधला शेवटचा कार्यक्रम बास्केटबॉलचा नव्हता. २३ सप्टेंबर २०१७ रोजी मिशिगनचाच गायक बॉब सीगर तिथे गायला आणि दिवे मालवले गेले. महिन्याभरात, १८ ऑक्टोबरला, पिस्टन्सने नव्या अरीनातील पहिला नियमित सामना शार्लट हॉर्नेट्सविरुद्ध १०२-९० असा जिंकला. त्याच डिसेंबरमध्ये काही किलोमीटरवरचा जुना सिल्व्हरडोमही सुरुंग लावून पाडण्यात आला, तोही दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी स्फोट झाले आणि इमारत उभीच राहिली. पॅलेसची जागा २०१९ मध्ये विकासकांना विकली गेली आणि पाडकामाला सुरुवात झाली.

छप्पर शेवटी उरले होते. ११ जुलै २०२० रोजी सकाळी सुरुंग लावून तेही खाली आणले गेले. इमारतीला अजून बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोविडमुळे एनबीएचा हंगाम मार्चपासून थांबलेला होता, आणि ओरलँडोत तो पुन्हा सुरू करण्यासाठी बोलावलेल्या २२ संघांत पिस्टन्स नव्हते. त्या सकाळी ५० किलोमीटर दक्षिणेला, त्याच महामार्गाच्या कडेचे लिटल सीझर्स अरीनाही रिकामेच होते.